जीन-प्रतिसाद मापन

जीन-प्रतिसाद मापन : कोशिकेतील (पेशीतील) एखाद्या नियामक प्रथिनाची संहती (एकक घनफळातील प्रमाण) बदलली असता त्याच्या नियंत्रणाखालील जीनाच्या (आनुवंशिक लक्षणांचे नियंत्रण करणाऱ्या, रंगसूत्रावरील एककाच्या) उत्पादनाचा वेग किती व कसा बदलतो, हे संख्यात्मक रीत्या ठरविण्याच्या पद्धतींना जीन-प्रतिसाद मापन असे म्हणतात. नियामकाची संहती व जीनाचा उत्पादन वेग यांमधील संबंधाला ‘जीन नियमन फलन’ ही संज्ञा आहे. आलेखाच्या क्षितिजसमांतर अक्षावर नियामकाची संहती व उभ्या अक्षावर उत्पादन वेग मांडल्यास मिळणारा वक्र म्हणजेच या फलनाचे दृश्य रूप होय.

एका जीवाच्या सर्व कोशिकांत बहुधा तेच जीन असतात. तरीही यकृतातील कोशिका व मेंदूतील कोशिका यांच्या रचनेत व कार्यात जमीनअस्मानाचा फरक असतो. कोणता जीन केव्हा व किती प्रमाणात कार्य करील, यावर हा फरक अवलंबून असतो. हे नियंत्रण मुख्यत्वे नियामक प्रथिने करतात. ती डीएनए रेणूवरील ठराविक जागी चिकटतात आणि जीनापासून आरएनए तयार होण्याच्या क्रियेला (प्रतिलेखनाला) चालना देतात किंवा अटकाव करतात. नियामक प्रथिनेही जीनांपासूनच निर्माण होत असल्याने एक जीन दुसऱ्याचे, दुसरा तिसऱ्याचे व कधीकधी तिसरा पुन्हा पहिल्याचे नियंत्रण करतो आणि अशा रीतीने जीनांचे जाल बनते. जालाच्या आकृतीत कोणता बाण कोठून कोठे जातो, एवढे कळल्याने जालाचे वर्तन सांगता येत नाही. प्रत्येक बाण किती जोरकस आहे, तो कोणत्या संहतीला कार्यान्वित होतो व त्याचा परिणाम हळूहळू वाढतो की एकाएकी, हेही माहीत असावे लागते. ही माहिती पुरविणे हे जीन-प्रतिसाद मापनाचे उद्दिष्ट आहे. [→ आनुवंशिकी, जीन, प्रथिने].

ऐतिहासिक पार्श्वभूमी : जीनांच्या नियमनाची पहिली सुस्पष्ट उपपत्ती फ्रान्स्वा झाकॉब व झाक मॉनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी पॅरिस येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये केलेल्या संशोधनावरून १९६१ मध्ये मांडली. एश्चेरिकिया कोलाय या आतड्यातील सूक्ष्मजंतूला दुग्धशर्करा (लॅक्टोज) मिळाली, तरच तिचे विघटन करणारे बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारे प्रथिन) तो मोठ्या प्रमाणात तयार करतो. एरवी त्याचे उत्पादन जवळजवळ बंद असते. या दोन स्थितींतील उत्पादनाचे गुणोत्तर सुमारे एक हजार असते. दुग्धशर्करा नसताना एक निरोधक प्रथिन डीएनएवरील विशिष्ट जागा अडवून ठेवते व शर्करेपासून बनलेला प्रेरक रेणू त्या निरोधकाला चिकटला की अडथळा दूर होतो, असे त्यांनी दाखविले. परस्परांना लागून असलेल्या व एकत्रित नियंत्रण असलेल्या अशा जीनसमूहाला त्यांनी ‘ऑपेरॉन’ हे नाव दिले. या कार्याबद्दल झाकॉब, मॉनो व आंद्रे ल्वॉफ यांना १९६५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. लॅक ऑपेरॉनचा निरोधक वॉल्टर गिल्बर्ट व बेन्नो म्युलर-हिल यांनी १९६६ मध्ये, तर लॅम्डा या सूक्ष्मजंतुभक्षक व्हायरसाचा निरोधक मार्क टाश्नी यांनी १९६७ मध्ये अलग केला. त्यामुळे नियामक ही केवळ कल्पना न राहता प्रत्यक्ष हाताळता येण्याजोगे प्रथिन ठरले आणि त्याच्या परिणामाचे मोजमाप करणे शक्य झाले.

प्रतिसाद वक्र : सर्वांत साध्या परिस्थितीत नियामकाचा एक रेणू डीएनएवरील एका जागी चिकटतो. नियामक थोडा असताना उत्पादन संहतीच्या प्रमाणात वाढते. पुढे बहुतेक वेळ ती जागा व्यापलेली राहू लागल्याने वाढ मंदावते व अखेर उत्पादन कमाल मर्यादेला जाऊन स्थिर होते. ज्या संहतीला उत्पादन कमाल मूल्याच्या निम्मे होते, तिला अर्धप्रतिसाद संहती म्हणतात. नियामक व डीएनए यांचे आकर्षण जितके प्रबळ, तितकी ही संहती कमी असते.

अनेकदा नियामकाचे रेणू जोडीने किंवा चौकडीने कार्य करतात अथवा एका जागी चिकटलेला रेणू शेजारच्या जागी दुसऱ्याला चिकटण्यास मदत करतो. अशा सहकारी क्रियेत वक्राला इंग्रजी एस अक्षरासारखा आकार येतो. आर्चिबाल्ड व्हिव्हिअन हिल या ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिकांनी रक्तातील हीमोग्लोबिन ऑक्सिजन कसे धरून ठेवते, याचे वर्णन करण्यासाठी १९१० मध्ये जे समीकरण मांडले, तेच येथे वापरतात. त्यानुसार नियामकाची संहती व अर्धप्रतिसाद संहती यांचे गुणोत्तर घेऊन त्याचा एक ठराविक घात काढतात. त्या संख्येला ती संख्या अधिक एक यांनी भागले असता कमाल उत्पादनाचा किती अंश मिळेल ते कळते. या घाताला हिल गुणांक म्हणतात व तो वक्राच्या तीव्रतेचा निदर्शक असतो.

गुणांकाचे महत्त्व पुढील आकड्यांवरून ध्यानात येईल. नियामकाची संहती अर्धप्रतिसाद संहतीच्या निम्मी असताना गुणांक १ असल्यास उत्पादन कमालीच्या सुमारे ३३ टक्के, गुणांक २ असल्यास २० टक्के व गुणांक ४ असल्यास अवघे ६ टक्के असते. संहती दुप्पट असताना हेच आकडे अनुक्रमे ६७, ८० व ९४ टक्के होतात. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, उत्पादन कमालीच्या १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत नेण्यासाठी गुणांक १ असताना नियामकाची संहती ८१ पट, गुणांक २ असताना ९ पट, तर गुणांक ४ असताना केवळ ३ पट वाढवावी लागते. पहिल्या प्रकारचा जीन नळाच्या तोटीप्रमाणे सावकाश उघडतो. शेवटच्या प्रकारचा जीन विजेच्या बटणासारखा वागतो. तीव्र चढाच्या अशा प्रतिसादाला अतिसंवेदी प्रतिसाद म्हणतात. आल्बर्ट गोल्डबेटर व डॅनियल कॉशलंड यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की, रेणूंचे प्रत्यक्ष सहकार्य नसतानाही एंझाइमांच्या परस्परविरोधी क्रियांमुळे असा प्रतिसाद निर्माण होऊ शकतो.

मापनाच्या पद्धती : जीनाचे स्वतःचे उत्पादन मोजणे पुष्कळदा अवघड असते. अशा वेळी त्या जीनाच्या प्रवर्तकाला (प्रतिलेखन जेथून सुरू होते त्या डीएनए खंडाला) सहज मोजता येईल असे प्रथिन निर्माण करणारा दुसरा जीन जोडतात. यास सूचक जीन म्हणतात. बीटा-गॅलॅक्टोसिडेजाचा जीन हा दीर्घकाळ वापरात असलेला सूचक आहे. या पद्धतीत कोशिकांचे पटल क्लोरोफॉर्मसारख्या द्रव्याने सच्छिद्र करून त्यांत एक रंगहीन संयुग मिसळतात. एंझाइमाच्या क्रियेने त्यापासून पिवळे नायट्रोफिनॉल तयार होते. ठराविक वेळाने सोडियम कार्बोनेट घालून विक्रिया थांबवितात आणि ४२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण मोजतात. कोशिकांची दाटी ६०० नॅनोमीटरला मोजून व विक्रियेचा काळ लक्षात घेऊन एंझाइमाचे प्रमाण काढतात. जेफ्री मिलर यांनी १९७२ मध्ये या पद्धतीला प्रमाणित रूप दिले व तिचे एकक त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ही पद्धत स्वस्त व भरवशाची असली, तरी तीत कोशिका मरतात आणि कोट्यवधी कोशिकांची केवळ सरासरी हाती येते.

दुसरा सूचक म्हणजे जेलीफिशातील हिरवे अनुस्फुरक प्रथिन होय. निळा वा जंबुपार प्रकाश शोषून ते हिरवा प्रकाश बाहेर टाकते. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये त्याचा शोध लावला. मार्टिन चाल्फी यांनी १९९४ मध्ये ते इतर जीवांत सूचक म्हणून वापरता येते हे दाखविले आणि रॉजर त्सिएन यांनी त्याचे विविध रंगांचे प्रकार तयार केले. या तिघांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. या प्रथिनामुळे जिवंत कोशिकेला धक्का न लावता तिच्यातील जीनाचे कार्य सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास पाहता येऊ लागले. मात्र नवे प्रथिन प्रकाश देण्यायोग्य होण्यास काही काळ जावा लागतो व हा विलंब गणनेत धरावा लागतो.

मापन कोणत्याही पद्धतीने केले, तरी साठा व उत्पादन वेग यांत गल्लत होणार नाही, याची दक्षता घ्यावी लागते. सूक्ष्मजंतूंतील बहुतेक प्रथिने टिकाऊ असतात. ती नष्ट होण्यापेक्षा कोशिकांची वाढ व विभाजन झाल्याने विरल होतात. म्हणून स्थिर अवस्थेत प्रथिनाचा साठा हा उत्पादन वेगाला वाढीच्या वेगाने भागले असता येणाऱ्या संख्येइतका असतो. समजा, एका माध्यमात कोशिका दर ३० मिनिटांनी व दुसऱ्यात दर ६० मिनिटांनी दुप्पट होतात आणि दोन्हींत जीनाचा उत्पादन वेग सारखाच आहे. दुसऱ्या माध्यमात प्रथिनाचा साठा दुप्पट आढळेल आणि तेवढ्यावरून नियामकाने जीनाला चालना दिली असा निष्कर्ष काढल्यास तो सपशेल चुकीचा ठरेल. यासाठी अनुस्फुरणाची तीव्रता कालमानानुसार नोंदवून तिच्या वाढीचा दर काढतात व तो कोशिकांच्या संख्येने भागतात.

समष्टी व एकेक कोशिका : अनेक कोशिकांच्या सरासरीवरून काढलेला वक्र प्रत्येक कोशिकेचे वर्तन दाखवितोच असे नाही. आरन नॉव्हिक व मिल्टन वायनर यांनी १९५७ मध्ये एश्चेरिकिया कोलायवर केलेल्या प्रयोगाने हे स्पष्ट झाले. प्रेरकाची संहती कमी ठेवली असता संपूर्ण समष्टीतील एंझाइमाचे प्रमाण सावकाश वाढते. परंतु प्रत्येक कोशिका मात्र पूर्णपणे प्रेरित झालेली असते किंवा मुळीच प्रेरित झालेली नसते. हळूहळू वाढत असते ती प्रेरित कोशिकांची संख्या. याचे कारण पुनःप्रदाय (फलिताचा काही अंश पुन्हा कारणाकडे पोचणे) हे होय. प्रेरक आत आणणारे वाहक प्रथिन लॅक ऑपेरॉनमध्येच असल्याने एकदा प्रेरक आत शिरला की वाहक वाढतात व त्यामुळे प्रेरक आणखी वाढतो. निम्म्या कोशिका पूर्ण कार्यरत व निम्म्या निष्क्रिय असताना सरासरीवरून ‘प्रत्येक कोशिका निम्म्या क्षमतेने कार्य करते’ असे म्हणणे म्हणजे अस्तित्वात नसलेल्या कोशिकेचे वर्णन करणे होय.

एकाच समष्टीतील, आनुवंशिक दृष्ट्या एकरूप कोशिकांतही फरक आढळतो. नियामकाचे रेणू संख्येने थोडे असतात. लॅक निरोधकाचे चार उपघटकांचे रेणू नैसर्गिक अवस्थेत कोशिकेमागे सुमारे दहाच असतात. इतक्या थोड्या रेणूंच्या बाबतीत योगायोगाला मोठे स्थान असते. मायकेल एलोविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एकाच कोशिकेत दोन सारख्या प्रवर्तकांना दोन भिन्न रंगांची अनुस्फुरक प्रथिने जोडून या चढउतारांचे दोन भाग केले. दोन्ही रंग एकाच वेळी कमीजास्त झाल्यास त्याचे कारण कोशिकेच्या सर्वसाधारण स्थितीत असते. एकच रंग बदलल्यास ते त्या जीनाच्या स्वतःच्या प्रतिलेखनातील व प्रथिननिर्मितीतील योगायोगात असते.

लॅम्डा प्रवर्तकावरील प्रयोग : जीन नियमन फलन एकेका जिवंत कोशिकेत मोजण्याचा महत्त्वाचा प्रयोग नित्झन रोझेनफेल्ड, जोनाथन यंग, ऊरी अलॉन, पीटर स्वेन व मायकेल एलोविट्झ यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी लॅम्डा व्हायरसाच्या निरोधकाला पिवळे अनुस्फुरक प्रथिन आणि या निरोधकाच्या नियंत्रणाखालील प्रवर्तकाला निळसर अनुस्फुरक प्रथिन जोडले. त्यामुळे नियामक किती आहे हे एका रंगावरून व जीन किती कार्य करतो हे दुसऱ्या रंगावरून कळू लागले. प्रथम कोशिकांत निरोधक भरपूर निर्माण होऊ देऊन नंतर त्याचे उत्पादन थांबविण्यात आले. पुढे दर विभाजनागणिक प्रत्येक कोशिकेतील निरोधक साधारणपणे निम्मा होत गेला. अशा प्रकारे कोशिकेने स्वतःच नियामकाची संहती क्रमाक्रमाने उतरवीत नेली आणि पूर्ण वक्र एकाच कुळातील कोशिकांवर मिळाला.

प्रकाशाच्या तीव्रतेवरून रेणूंची प्रत्यक्ष संख्या काढण्यासाठी त्यांनी वापरलेली युक्ती विशेष उल्लेखनीय आहे. विभाजनाच्या वेळी प्रत्येक रेणू नाणेफेकीप्रमाणे दोहोंपैकी एका कन्याकोशिकेत जातो. संभाव्यता सिद्धांतानुसार एकूण १०० रेणू असल्यास दोन कन्याकोशिकांतील संख्यांचा फरक सर्वसाधारणपणे १० च्या आसपास, म्हणजे एकूण संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. समजा, मातृकोशिकेचा एकूण प्रकाश २,००० एकके आहे व अनेक विभाजनांत आढळलेल्या फरकाच्या वर्गाची सरासरी ४०,००० आहे. दुसऱ्या संख्येला पहिलीने भागल्यास २० येतात; म्हणजे एका रेणूचा प्रकाश २० एकके व मातृकोशिकेतील रेणू १०० होत. ज्या विषमतेमुळे एरवी मापनात अडचण येते, तिलाच येथे मोजपट्टी बनविले आहे.

या प्रयोगात लॅम्डा प्रवर्तकाचा हिल गुणांक २ ते ३ यांच्या दरम्यान आढळला. निरोधक जोडीने व सहकाराने चिकटतो, या आधीच्या ज्ञानाशी हे सुसंगत होते. परंतु अधिक महत्त्वाचा निष्कर्ष असा की, फलन हे प्रत्येक कोशिकेत स्थिर नसते. नियामक तितकाच असतानाही उत्पादन वेग सरासरीपेक्षा कमीजास्त होतो आणि असा फरक सुमारे एका कोशिकाचक्राइतका काळ टिकून राहतो. यामुळे जीनांच्या जालातून संदेश किती अचूकपणे पोचू शकेल, यावर मूलभूत मर्यादा पडते.

बहुकोशिक जीवांत ही मर्यादा कितपत सांभाळली जाते, हे फळमाशीच्या (ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर) भ्रूणावरून दिसते. भ्रूणाच्या डोक्याकडील टोकाला बायकॉइड हे नियामक प्रथिन जास्त व शेपटीकडे कमी असते आणि त्याला प्रतिसाद म्हणून हंचबॅक हा जीन पुढील अर्ध्या भागात कार्य करतो. टॉमस ग्रेगॉर, डेव्हिड टँक, एरिक विशाउस व विल्यम बिआलेक यांनी २००७ मध्ये या प्रतिसादाचा हिल गुणांक सुमारे ५ असल्याचे व शेजारच्या कोशिकाकेंद्रकांना संहतीतील सुमारे १० टक्के फरक ओळखता येत असल्याचे दाखविले.

यीस्टमधील गॅलॅक्टोज जाल व पवई येथील संशोधन : यीस्ट (सॅकॅरोमायसीज सेरेव्हिसी) हे बेकरीत व मद्यनिर्मितीत वापरले जाणारे एककोशिक कवक आहे. गॅलॅक्टोज ही शर्करा मिळताच ते तिच्या उपयोगासाठी लागणारे जीन कार्यान्वित करते. या जालात तीन प्रमुख नियामक आहेत. गॅल-४ हे प्रथिन जीनांच्या आधीच्या १७ आधारक-जोड्यांच्या ठराविक जागी जोडीने चिकटून प्रतिलेखनाला चालना देते. गॅल-८० हे गॅल-४ ला चिकटून त्याची क्रिया रोखते. गॅल-३ हे गॅलॅक्टोजाच्या सान्निध्यात गॅल-८० ला अडकवून ठेवते व त्यामुळे गॅल-४ मोकळे होते. गॅल-८० व गॅल-३ यांच्या जीनांवरही गॅल-४ चे नियंत्रण असल्याने जालात दोन विरुद्ध दिशांचे पुनःप्रदाय असतात. यांशिवाय माध्यमात ग्लुकोज असल्यास मिग-१ हे निरोधक हे सर्व जीन दडपून टाकते.

या जालाच्या प्रतिसादाचे संख्यात्मक मापन मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेत झाले आहे. तेथील के. व्ही. वेंकटेश या रासायनिक अभियंत्यांनी व पी. जे. भट या जीववैज्ञानिकांनी सहकाऱ्यांसह १९९९ मध्ये गॅल-४ च्या क्रियेचे गणिती प्रतिमान प्रसिद्ध केले. पुढे २००३ मध्ये एम. वर्मा, भट व वेंकटेश यांनी प्रयोग व प्रतिमान यांची सांगड घातली. गॅल-४ साठी एकच जागा असलेल्या जीनाचा सूचक म्हणून अल्फा-गॅलॅक्टोसिडेज व दोन जागा असलेल्या प्रवर्तकाचा सूचक म्हणून बीटा-गॅलॅक्टोसिडेज ही एंझाइमे घेऊन त्यांनी प्रतिसाद मोजले. दोन्ही प्रकारांत प्रतिसाद अतिसंवेदी असल्याचे दिसून आले. गॅलॅक्टोज नसतानाही एक जागा असलेल्या जीनाचे थोडे उत्पादन चालू राहते, तर दोन जागा असलेल्या जीनाचे राहत नाही, असेही आढळले. शेजारी असलेले गॅल-८० चे रेणू परस्परांना आधार देतात व दोन जागांवरील निरोध त्यामुळे अधिक पक्का होतो, या निरीक्षणाशी हे जुळते. यातील जैव सोयही लक्षात घेण्याजोगी आहे : गॅल-३ व गॅल-८० या नियामकांच्या जीनांना एकच जागा असते, म्हणून गॅलॅक्टोजाची चाहूल घेणारी यंत्रणा थोड्या प्रमाणात सदैव सज्ज राहते. याउलट पचनासाठी मोठ्या प्रमाणात लागणाऱ्या एंझाइमांवर गरजेपूर्वी खर्च होत नाही. याच गटाने २००५ मध्ये ग्लुकोजाच्या निरोधाचेही असे मापन करून मिग-१ च्या नियंत्रणाखालील प्रथिनांची निर्मिती श्रेणीबद्ध रीतीने होते, असे दाखविले.

प्रतिसाद इतका तीव्र का, याचे स्पष्टीकरण देताना २००३ च्या प्रतिमानात गॅल-८० च्या केंद्रक व परिकल (केंद्रकाबाहेरील जीवद्रव्य) यांमधील ये-जा या क्रियेला कळीचे स्थान देण्यात आले होते. गॅल-३ मुख्यतः परिकलात असते व तेथे ते गॅल-८० ला अडकवून ठेवते, असे त्या वेळच्या जी. पेंग व जे. ई. हॉपर यांच्या प्रयोगांवरून मानले जात होते. पुढे २००९ व २०११ मध्ये हॉपर यांच्याच प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी हे चित्र बदलले. जीनांची जलद सुरुवात केंद्रकातील गॅल-३ वर अवलंबून असते, ये-जा करण्यावर नव्हे, असे त्यांत आढळले. यामुळे पवई येथे मोजलेला वक्र खोटा ठरत नाही. प्रतिसादाची तीव्रता हे निरीक्षण कायम राहते, बदलते ते त्यामागील यंत्रणेचे स्पष्टीकरण. एक रेणू दुसऱ्याला अडकवून ठेवतो, एवढ्यानेही वक्र तीव्र होऊ शकतो. मग ती क्रिया केंद्रकात होवो की बाहेर. एकाच आकाराचा वक्र अनेक यंत्रणांतून निर्माण होऊ शकतो; म्हणून केवळ वक्रावरून यंत्रणा ठरविता येत नाही. एखादा घटक काढून टाकणे, त्याची जागा बदलणे अथवा डीएनएवरील एक जागा निकामी करणे अशा प्रयोगांची जोड त्याला द्यावी लागते.

अनेक नियामकांचा एकत्रित परिणाम : बहुतेक जीनांवर एकाहून अधिक नियामकांचे नियंत्रण असते. अशा वेळी फलन हे वक्राऐवजी पृष्ठभागाच्या रूपात मांडावे लागते. याकोव्ह सेट्टी, ऊरी अलॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये लॅक ऑपेरॉनच्या बाबतीत आयपीटीजी हा कृत्रिम प्रेरक व चक्रीय एएमपी हा संदेशवाहक रेणू यांच्या निरनिराळ्या संहतींच्या अनेक जोड्या घेऊन असा पृष्ठभाग काढला. ‘दोन्ही असतील तरच’ किंवा ‘दोहोंपैकी एक असेल तरी’ अशा निखळ तर्करूपात तो बसत नाही. तो या दोहोंच्या मधला असून त्यावर चार निरनिराळ्या उंचीची पठारे आढळतात. डीएनएवरील जागांत थोडे बदल झाल्यास हाच पृष्ठभाग दोहोंपैकी कोणत्याही निखळ रूपाकडे झुकू शकतो. यीस्टमध्ये २०१५ मध्ये असे आढळले की, गॅलॅक्टोज जीनांचा प्रतिसाद गॅलॅक्टोजाच्या केवळ संहतीवर अवलंबून नसून बऱ्याच मोठ्या पल्ल्यात गॅलॅक्टोज व ग्लुकोज यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो.

प्रवर्तकातील प्रत्येक आधारकाचे महत्त्व मोजण्याची पद्धत जस्टिन किनी, कर्टिस कॅलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडली. लॅक प्रवर्तकाच्या ७५ आधारक-जोड्यांच्या भागात यादृच्छिक (कोणताही ठराविक क्रम नसलेले) बदल केलेले असंख्य नमुने तयार करून त्यांचे सूक्ष्मजंतूंत रोपण करण्यात आले. प्रकाशाच्या तीव्रतेनुसार कोशिकांची यंत्राने वर्गवारी करून प्रत्येक वर्गातील डीएनएचे क्रम वाचण्यात आले. त्यावरून कोणता आधारक बदलल्यास नियामकाचे आकर्षण किती घटते, हे कोशिका जिवंत असतानाच्या परिस्थितीत सांगता आले.

व्यावहारिक महत्त्व : नियामकाचे प्रमाण निम्मे झाल्यास काय होईल, हा प्रश्न मानवी रोगांच्या बाबतीत कळीचा आहे. प्रत्येक जीनाच्या दोन प्रती असतात. त्यांपैकी एक निकामी झाल्यास नियामक सुमारे निम्मा उरतो. वक्र सपाट भागात असेल, तर यामुळे फारसे बिघडत नाही. तीव्र चढाच्या भागात असेल, तर रोग उद्‌भवतो. पॅक्स-६ या नियामकाच्या जीनाची एकच प्रत कार्यक्षम असल्यास डोळ्यातील कनीनिका (बाहुलीभोवतालचे रंगीत वलय) अपुरी राहते, हे याचे उदाहरण होय.

सिकलसेल या नावाने परिचित असलेल्या दात्रकोशिका पांडुरोगाच्या बाबतीत हेच तत्त्व उपचाराला साहाय्यक ठरले आहे. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली इ. जिल्ह्यांतील भिल्ल, पावरा, गोंड, माडिया वगैरे आदिवासी समाजांत या रोगाच्या जीनाचे प्रमाण लक्षणीय आहे. गर्भावस्थेतील हीमोग्लोबिनाचा जीन निर्दोष असतो. परंतु जन्मानंतर बीसीएल-११ए हे नियामक त्याला दडपून टाकते. या नियामकाच्या जीनाची एक प्रत निकामी असलेल्या व्यक्तींत गर्भीय हीमोग्लोबिन मोठेपणीही वाढलेले आढळते. यावरून नियामक पूर्णपणे नाहीसा न करता केवळ कमी केला, तरी दडपलेला जीन पुन्हा कार्य करू लागतो, हे स्पष्ट झाले. मात्र अशा व्यक्तींत मेंदूच्या विकासातही दोष आढळतात. म्हणून नियामक सर्वत्र कमी करणे इष्ट नसते. या दोन्ही गोष्टी विचारात घेऊन फक्त रक्तकोशिकांत या नियामकाचे उत्पादन वाढविणारा डीएनए खंड छेदण्याची उपचारपद्धती विकसित करण्यात आली. तिला ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ही पद्धती अतिशय खर्चिक असल्याने ज्या समाजांत रोग अधिक आहे, त्यांच्या आवाक्यात ती आणणे हा पुढचा प्रश्न आहे. गर्भीय हीमोग्लोबिनाचे उत्पादन नियामकाच्या कोणत्या पातळीला पुरेसे होते, याचे अचूक मापन त्या दृष्टीनेही उपयुक्त आहे. कारण नियामक किती कमी करावयाचा हे ठाऊक असल्यास साध्या औषधांचा शोध नेमकेपणाने घेता येतो.

औषधी प्रथिने, विकरे व रसायने यांच्या निर्मितीसाठी सूक्ष्मजंतूंत कृत्रिम जीनजाले बसवितानाही मोजलेले प्रतिसाद वक्र लागतात. एका जीनाच्या उत्पादनाचा पल्ला पुढील जीनाच्या अर्धप्रतिसाद संहतीशी जुळला नाही, तर साखळी मध्येच तुटते. जाल तयार करण्यापूर्वी असे वक्र तपासणे हे अभियंत्याने यंत्राचे सुटे भाग जोडण्याआधी त्यांची मापे घेण्यासारखेच आहे.

मर्यादा : सूचक जीन मूळ जीनाशी पूर्णपणे समान वागेलच असे नाही, रंगसूत्रावरील त्याची जागा व प्रतींची संख्या यांनी फरक पडतो. सूचकाचे अतिरिक्त उत्पादन कोशिकेवर भार टाकून तिची वाढ मंद करते व त्याचा परिणाम मापनावरच होतो. उच्च दर्जाच्या वनस्पती व प्राणी यांत डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि नियामक दूरच्या खंडांवरही चिकटतात. त्यामुळे सूक्ष्मजंतूंसाठी पुरेसे ठरलेले साधे समीकरण तेथे अपुरे पडते. तसेच कोशिकेला आधीच्या स्थितीची काही काळ ‘आठवण’ राहत असल्यास संहती वाढविताना मिळणारा वक्र व ती कमी करताना मिळणारा वक्र भिन्न असू शकतात. म्हणून दोन्ही दिशांनी मापन करणे आवश्यक असते. या कारणांमुळे प्रसिद्ध झालेला कोणताही प्रतिसाद वक्र वाचताना तो समष्टीचा आहे की एकेका कोशिकेचा, साठ्याचा आहे की वेगाचा आणि कोणत्या माध्यमात व वाढीच्या कोणत्या वेगाला काढलेला आहे, या बाबी प्रथम पाहाव्या लागतात.